टेलचं पाणी

आमच्या वस्तीवर गोठ्याच्या पलीकडं पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात कडब्याच्या पेंढ्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, औषध मारायचा पंप आणि एक फियाट गाडी असते. गाडी १९६९ सालची. मी १९७५ साली नव्या दहावीच्या पहिल्या तुकडीत पास झालो, म्हणजे मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी थोरला. माझे गुडघे गेले, तिचं इंजिन अजून चालतं.

२०२३ च्या दिवाळीआधी नातवानं मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली, म्हणून ऑक्टोबर २०२३ ला तिचं आयुष्य संपलं. फोटोत काळी-पिवळी गाडी होती, बॉनेटवर हार होता.

"आजोबा, आपली गाडी पण हीच ना?"

"ही नाही. हिची थोरली बहीण."

"मग ती पण काढायची का आता?"

त्याला मी काय सांगणार? त्याचा पणजोबा या गाडीत मरता मरता वाचला. मरायची वेळ या गाडीमुळंच आली होती आणि ती चूक माझी होती. ते सगळं एकदा नीट सांगावं म्हणून हे लिहायला बसलो.

आधी गाडीचं कूळ सांगतो, कारण ते आमच्या तालुक्यातून जातं.

आमचा तालुका इंदापूर. गाव नीरा डाव्या कालव्यावर, पार शेवटाला. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर इंग्रज सरकारनं हा कालवा काढला. पुढं १९२८ साली भाटघरचं नवं धरण पुरं झालं. बारामती आणि इंदापूरच्या माळावर ऊस आला तो या पाण्यानं. ऊस आला म्हणून कारखाने आले. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी आमच्या तालुक्यात कळंबजवळ कारखाना उभा केला, त्याचं वालचंदनगर झालं. माझे आजोबा बैलगाडीनं तिथं ऊस घालत. रात्री निघायचं, गाड्यांच्या रांगेत झोपायचं आणि सकाळी काट्यावर जायचं.

त्या वालचंदशेठांचा हात कशाला लागला नाही ते विचारा. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, बंगळूरचा विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमची जहाजांची गोदी. १९४४ साली त्यांनी मोटारींची कंपनी काढली, प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरबरोबर करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या, मग इटलीच्या फियाटशी जमवलं. शेठ १९५३ साली गेले, पण फियाट राहिली. पुढं तिची नावं आणि अंग बदलत गेलं. १९६४ च्या सुमारास आली ती 'डिलाइट', आमची गाडी त्यातली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव बदलून आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झालं.

इंजिन मात्र तेच राहिलं, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. इटलीत दान्ते जाकोसा नावाच्या इंजिनिअरनं ते १९३७ साली फियाटच्या गाडीसाठी केलं होतं. तो आमच्या आजोबांच्या वयाचा नसला तरी वडलांपेक्षा थोरला खरा. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड. साधं, हलकं, कुणीही खोलावं आणि कुणीही बसवावं असं. या लोखंडावरच्या अॅल्युमिनियमचा पुढं संबंध येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

गाडी आमच्याकडं आली १९८३ साली. वडलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्या साली उसाचं बिल बरं निघालं होतं. नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. अण्णांनी तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांकडून ही तिसऱ्या हाताची गाडी बावीस हजाराला उचलली. आई म्हणाली, "बावीस हजारात दोन एकर सपाट करून आली असती." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी गाडीच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मला म्हणाले, "चालव."

मला ट्रॅक्टर येत होता, गाडी येत नव्हती. फियाटचा गिअर स्टेअरिंगपाशी, हाताचा. पहिले पंधरा दिवस गावातली पोरं गाडीमागं पळायची आणि आजूबाजूची कुत्री पुढं. पण वर्षभरात वस्तीची ती रुग्णवाहिका झाली, वरातीची गाडी झाली. कुणाची बाळंतीण आण, कुणाला एसटीला सोड, कुणाला विंचू चावला तर दवाखान्यात ने. डिझेलचं भाडं कुणी दिलं असतं, पण ही पेट्रोल प्यायची आणि पैसे घ्यायची अण्णांना लाज वाटायची.

गाडीला एक खोड होती, आणि ती दरसाल वाढत गेली. सकाळी गार असताना गाडी गुण्यागोविंदानं चालायची. रस्त्यावर पळतानाही तक्रार नाही. पण तापल्यावर बाजारात, नाक्यावर किंवा गर्दीत थांबली, की तिला थंडी वाजल्यासारखी ती कापायची. गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग' मारायची. पाय अॅक्सिलरेटरवर ठेवला तर तग धरायची, काढला की गप्प. मग बॉनेटमधून गरम वास यायचा आणि रेडिएटर गुरगुरायचा. डॅशबोर्डावरचं काही चालत नव्हतं, तेव्हा नाक हाच आमचा काटा.

मी काय करायचो? पाणी घालायचो. आमच्या विहिरीचं. गाडीत पाच लिटरचा डबा कायम भरलेला. दर फेरीला रेडिएटर थोडा उणा झालेला असायचा, मी टोपण उघडून भरायचो आणि वाटायचं, आपण गाडीची काळजी घेतो.

तालुक्याच्या गावातल्या गॅरेजात तीन-चार वेळा नेली. दर वेळी काहीतरी नवं. प्लग बदलले. पॉइंट आणि कंडेन्सर बदललं. कार्बोरेटर खोलून धुतला. थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाले आपल्याकडच्या उन्हात तो लागत नाही. एकदा मीच म्हणालो, इंजिन वरून टकटक वाजतंय. त्यांनी टॅपेट आवळून दिले. आवाज गेला, मी खूश झालो. दीडशे रुपये दिले आणि वर चहा पाजला. तो चहा मला पुढं फार महागात पडला.

मे १९८८. दुपारी बाराच्या सुमारास अण्णा बांधावरून घरी आले ते छाती धरून. घामानं सदरा भिजलेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळी जिभेखाली ठेवायला दिली आणि म्हणाले, "पुण्याला न्या. आत्ता." आक्काचे मालक, आमचे दाजी, त्या दिवशी वस्तीवरच होते. अण्णांना मागच्या सीटवर आडवं केलं, त्यांचं डोकं दाजींच्या मांडीवर, आणि निघालो.

गाडी पळत होती तोवर ठीक होतं. वाटेत एका रेल्वे फाटकाला थांबलो. आधी एक मालगाडी गेली. फाटक उघडेना. समोरून दुसरी गाडी यायची होती. वर ऊन, खाली डांबर, पुढं-मागं ट्रक. इंजिन बंद करायची मला भीती, कारण तापल्यावर ते पुन्हा लवकर लागत नसे. चालू ठेवलं तर कापत होतं. मी पाय दाबून धरला. पाचेक मिनिटं गेली असतील. एक हिसका बसला आणि गाडी बंद पडली. बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

मी उतरलो, डबा घेतला आणि घाईत रेडिएटरचं टोपण उघडलं. त्या टोपणाचं काम कुकरच्या शिट्टीसारखं असतं. आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशाच्या वर गेलं तरी उकळत नाही. टोपण काढलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळून वर येतं. हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं. दहावीला मार्कही पडले होते. पण हात त्या आधी गेला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली. तो डाग अजून आहे.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टॉवेल. मी डबा उचलून पाणी ओतणार तेवढ्यात त्यानं माझा हात धरला. "गार पाणी टाकू नको. हेड तडकंल." त्यानं टॉवेल भिजवला आणि इंजिनाच्या कडेच्या पेट्रोल पंपावर घातला. पेट्रोलची पंपात वाफ झाली की पंप नुसती वाफ ओढतो आणि कार्बोरेटर कोरडा राहतो, हे तो मला शांतपणे सांगत होता, जसं काही आम्हाला दिवसभराची सवड होती. मग त्यानं मागच्या सीटवर पाहिलं. एका क्षणात त्याचा चेहरा बदलला.

"आरं, आधी सांगायचं न्हाय व्हय?"

अण्णांना त्यानं आणि दाजींनी उचलून ट्रकच्या केबिनमध्ये घेतलं. फाटक उघडलं तसा ट्रक निघाला. मी गाडी ढकलून कडेला घेतली आणि भाजलेला हात ओल्या टॉवेलात गुंडाळून बसलो. टॉवेल त्याचा राहून गेला. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं.

अण्णा वाचले. डॉक्टर दाजींना म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. पंधरा दिवसांनी घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर म्हणालो, "ही गाडी आता भंगारात घालतो."

अण्णा खाटेवर बसून होते. म्हणाले, "इंजिनाला कशाला शिव्या देतो? त्याला काय पाजलंस ते आधी बघ."

"पाणीच की."

"कुठलं?"

मी गप्प बसलो. आमची विहीर खारी. कालव्याच्या पट्ट्यात जास्त पाणी देऊन देऊन जमिनी कशा खारवल्या, चोपण झाल्या, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतो. पांढरं मीठ फुटलेल्या वाफ्यात ऊससुद्धा पिवळा पडतो. आईच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात बोटाएवढा थर बसायचा, बंब तापायला दुप्पट लाकडं लागायची, आणि आई दिवाळीआधी चिंच घालून तो थर काढायची. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. तेच पाणी मी पाच वर्षं एका बंद भांड्यात घालून रोज उकळत होतो, आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बारामतीला पेठेत एक म्हातारा मिस्त्री होता. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याच्याकडं दुकान असं नव्हतं, लिंबाच्या झाडाखाली एक पेटी आणि एक बाकडं. अण्णांच्या सांगण्यावरून गाडी ओढून त्याच्याकडं नेली. मी नेहमीप्रमाणं सांगायला लागलो, हे बदललं, ते बदललं. चाचा म्हणाला, "तू काय बदललं ते नको सांगू. गाडी काय करते ते सांग." मी सांगितलं. त्यानं दोनच प्रश्न विचारले. गार असताना बरी का? आणि पळताना बरी का? दोन्हीला मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग आधी ऐकू, पाना नंतर."

त्या दिवशी मी जे शिकलो ते जसंच्या तसं सांगतो. ज्यांच्याकडं अजून अशी जुनी गाडी आहे त्यांना उपयोग होईल.

आधी गाडी गार असतानाच त्यानं रेडिएटरचं टोपण काढलं, फॅनचा पट्टा उतरवला आणि इंजिन मिनिटभरच चालू केलं. पाण्यात बुडबुडे येतात का बघितले. आले नाहीत. ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दुधाळ झालं नव्हतं. म्हणजे हेडचं गॅसकेट शाबूत, पाणी आणि गॅस एकमेकांत मिसळत नाहीत. मग पट्टा चढवताना अंगठ्यानं दाबून दाखवला. पट्टा सैल होता. गाडी पळताना समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. थांबल्यावर मात्र सगळी भिस्त फॅनवर, आणि तेव्हाच सैल पट्टा घसरतो.

मग डेल्कोचं झाकण काढलं. पॉइंटची टाच झिजून फट कमी झाली होती. फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल जळतं, पण त्याचं बळ चाकाला जायच्या ऐवजी आच होऊन इंजिनात राहतं. चाचानं फट लावली, वेळ जुळवली. गाडी चालू करून चांगली अर्धा तास तापवली. मिसिंग कमी झालं, पण गेलं नाही.

मग त्यानं पायातली चप्पल काढली. रबराच्या चपलेत धरून एकेका प्लगची वायर उपटायला लागला. एक नंबरची काढली, इंजिन लटपटलं. लावली. दोन नंबरची काढली, लटपटलं. तीन नंबरची काढली, बंदच पडायला आलं. चार नंबरची काढली आणि काहीच झालं नाही. जसं चालत होतं तसंच चालत राहिलं.

"हा कामावर नाही," चाचा म्हणाला. "हजेरी लावतो आणि झोपतो."

तीन जण काम करत होते आणि चौथा नुसता त्यांच्या ओढीनं वर-खाली होत होता. तेही तापल्यावरच. गाडी गार झाल्यावर त्यानं पुन्हा वायर उपटून दाखवली, तेव्हा चौथ्याचाही फरक कळत होता. पुन्हा तापवून चारही प्लग काढले. मला भोकावर अंगठा धरायला लावला आणि पोराकडून इंजिन फिरवून घेतलं. तीन भोकांतून अंगठा उडत होता, चौथ्यात नुसता फुसका वारा. चाचानं चौथ्या भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा अंगठा धरायला सांगितला. फरक नाही. "रिंग गेली असती तर ऑइलनं दाब वाढला असता," तो म्हणाला. "रिंग चांगली आहे. व्हॉल्व्ह बसत नाही."

शेवटी तो गाडीखाली शिरला. ब्लॉकच्या बुडाशी पाणी सोडायचा एक छोटा नळ असतो. रेडिएटरचा नळ मी दहा वेळा उघडला असेल, हा नळ आहे हेच मला माहीत नव्हतं. चाचानं तो सोडला. पाण्यानं भरलेलं इंजिन, पण एक थेंब आला नाही. त्यानं तार घातली, हलवली. आधी तपकिरी चिखल आला, मग पांढरे खडे, मग बऱ्याच वेळानं पाणी.

"पाणी कुठून येतं?" चाचानं विचारलं.

"पुढून. पंपातून."

"मग चौथा नंबर कुठं?"

"शेवटाला."

"तू कालव्याचा माणूस ना? मग मला काय विचारतोस."

मी तिथंच खाली बसलो. आमचं शेत टेलला. कालव्याला पाणी सुटलं की आधी हेडचे लोक घेतात, मग मधले, आणि आमच्यापर्यंत येतो तो उरलेला ओघळ आणि सगळ्या चारीचा गाळ. आवर्तन संपत आलं तरी आमची पाळी येत नाही. पाटकऱ्याशी भांडणात आमच्या तीन पिढ्या गेल्या. आणि माझ्याच गाडीच्या इंजिनात टेलच्या सिलिंडरला पाच वर्षं पाणी पोचत नव्हतं, तर मी हेडला, रेडिएटरच्या तोंडाशी, पाणी ओतत होतो आणि म्हणत होतो, भरलं की.

हेड खोललं. ब्लॉकच्या मागच्या अंगाला पाण्याच्या वाटा गंज आणि क्षारानं निम्म्या बुजलेल्या. चौथ्या नंबरचा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कडेला जळून भाकरीचा पापुद्रा करपावा तसा झालेला. आता सगळी साखळी जुळली. त्या सिलिंडरला पाणी कमी, म्हणून तो बाकीच्यांपेक्षा जास्त तापायचा. तापला की व्हॉल्व्हची दांडी फुगून लांब व्हायची. तिला लांब व्हायला जागा असावी म्हणूनच टॅपेटमध्ये फट ठेवलेली असते. ती फट मी आवाज येतो म्हणून आवळून घेतली होती. मग दांडी लांबल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटायचा नाही, जळता वायू फटीतून निसटायचा आणि कड जाळायचा. इंजिन जोरात पळताना तेवढी गळती झाकून जायची, थांबल्यावर तोच एक जण सगळ्यांना कापायला लावायचा.

"टॅपेट थोडा बोलला पाहिजे," चाचा म्हणाला. "गप्प झाला की समज, जळतोय."

काम आठ दिवस चाललं. नवा व्हॉल्व्ह घातला, बाकीचे घासून बसवले. ॲल्युमिनियमचं हेड तापून थोडं वाकलं होतं, त्याला पुण्याहून फेस मारून आणला. ब्लॉकच्या वाटा तारेनं आणि खरवडणीनं मोकळ्या केल्या. ते काम चाचानं मला दिलं. मी दोन दिवस ते करत होतो आणि घमेलंभर नसेल, पण दोन ओंजळी खपल्या निघाल्या. रेडिएटर पितळ-तांब्याचा, तो आईच्या पद्धतीनं चिंचेचं पाणी भरून रात्रभर ठेवला आणि उलट्या दिशेनं पाणी मारून धुतला. जाळीत बाहेरून अडकलेलं उसाचं पाचट आणि टोळ वेगळेच निघाले. टोपणाची स्प्रिंग मेली होती, टोपण बदललं. काढून टाकलेला थर्मोस्टॅट चाचानं परत बसवला. टॅपेटची फट फिलर गेजनं लावली. खर्च अकराशे रुपये झाला. चाचाची मजुरी त्यात सगळ्यात कमी.

गाडी सुरू करून त्याच लिंबाखाली तासभर उभी ठेवली. मे संपून जून लागला होता, तरी ऊन होतंच. ती थांबल्या जागी एका लयीत चालत राहिली. वरून बारीक टकटक येत होती. चाचा बाकड्यावर झोपला होता, डोळे मिटूनच म्हणाला, "ऐक. बोलतेय."

त्या पावसाळ्यात अण्णांनी पत्र्याच्या पन्हाळीखाली एक पिंप ठेवलं. पहिला पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्यायचा आणि मग पुढचं पाणी धरायचं. गाळून डब्यात भरायचं आणि त्यावर खडूनं 'गाडी' लिहायचं. पावसाच्या पाण्यात क्षार नसतो. कूलंट नावाची चीज मला पुढं बऱ्याच वर्षांनी कळली. आता तेच घालतो, पण पावसाच्या पाण्यात मिसळून. आणि दर दिवाळीला ब्लॉकचा नळ सोडून बघतो. पाणी लगेच आलं की दिवाळी.

अण्णा पुढं नऊ वर्षं जगले. पुण्याला तपासणीला जाताना याच गाडीतून जायचे, पुढच्या सीटवर बसून. त्या फाटकाला गाडी थांबली की ते काही बोलायचे नाहीत. खिडकीतून हात बाहेर काढून बॉनेटकडं कान द्यायचे. १९९७ साली ते गेले ते घरी, रात्री झोपेत. गाडीची गरज पडली नाही.

अण्णांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, कुठलं पाणी. तेव्हापासून काही बिघडलं, जमिनीत, जनावरात, घरात, की आधी मी काय घालत आलोय ते बघतो. नेहमी सापडतंच असं नाही. बरेचदा सापडतं.

आता त्या फाटकावर पूल झाला. चाचाचं लिंबाचं झाड रस्तारुंदीत गेलं, चाचा त्याच्या आधी गेला. मुलाकडं नवी गाडी आहे, तिचं बॉनेट उघडलं तर नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. ती चांगली आहे, तापत नाही. कालव्याचं पाणी मात्र टेलला अजून शेवटीच येतं.

नातवाला मी त्या दिवशी शेडमध्ये नेलं. कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या, बॅटरीच्या तारा जोडल्या, चोक ओढला. तिसऱ्या स्टार्टरला गाडी लागली. अर्धा तास तशीच चालू ठेवली. तो कंटाळला, मोबाईल काढायला लागला.

"थांब," मी म्हणालो. "चांगली तापू दे. गार असताना सगळ्याच गाड्या चांगल्या असतात."

तापल्यावर त्याच्या हातात माझी जुनी रबरी चप्पल दिली आणि चौथ्या नंबरची वायर दाखवली. त्यानं घाबरत ती उपटली. इंजिन लटपटलं.

"आजोबा, बिघडली!"

"नाही बाळा. तो कामावर आहे. लाव परत."

यंदा पाऊस कमी झाला, पिंप निम्मंच भरलं. तेवढं गाडीला पुरेल.